दोन घरचा पाहुणा : नर्सिंगची पदवी नेमकी कोणाची?

(मंडळाच्या गणेशोत्सवात शैक्षणिक मार्गदर्शन गटातर्फे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता, म्हणून आपल्या उत्सवात शिक्षणावर एक भाषण दरवर्षी ठरलेले असते. यंदा ते आमच्या गटाकडे आले तेव्हा कार्यकारिणीतल्या काहींना वाटले, आम्ही स्पर्धा परीक्षांवर बोलू. आम्ही नर्सिंग निवडले. दोन-तीन वर्षांत आमच्याकडे बारावीनंतरच्या प्रवेशाचा सल्ला घ्यायला येणाऱ्या घरांत बी.एस्सी. नर्सिंगची चौकशी करणारे वाढले आहेत. त्यांच्या हातात एक रंगीत माहितीपत्रक असते. त्यावर कॉलेजचे नाव मोठे, विद्यापीठाचे बोधचिन्ह ठळक, आणि मुलगी ज्या हॉस्पिटलात शिकणार त्याचे नाव भिंग घेऊन शोधावे इतके बारीक. "विद्यापीठ सरकारी आहे ना, मग झालं तर," असे एक आई आम्हाला म्हणाल्या. आजचे सगळे भाषण त्या एका वाक्याला दिलेले उत्तर आहे असे समजा.

आपल्या मराठी घरांत नर्सिंगबद्दल एक जुना आकस आहे, तो आधी बोलून टाकू. शिंदेशाहीपासून माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांनी मुलींना शिक्षिका केले, बँकेत पाठवले, डॉक्टर केले. सिस्टर मात्र दुसऱ्यांच्या घरची असायची. आजारपणात तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे आणि मुलीचा विषय निघाला की "ते नको" म्हणायचे. हे आता बदलते आहे, आणि चांगल्या कारणांनी बदलते आहे. पण घरात कोणी आधी या वाटेने गेलेले नसल्यामुळे कॉलेज पारखायचे कसे, हे सांगणारी आत्या-मावशी आपल्याकडे नाही. इंजिनिअरिंगचे कॉलेज पारखणारे काका प्रत्येक इमारतीत दोन सापडतील.

नर्सिंगची पदवी एका संस्थेची नसते. कॉलेज शिकवते. विद्यापीठ संलग्नता देते, परीक्षा घेते आणि पदवीच्या कागदावर सही करते. कॉलेजला मान्यता देणे आणि पुढे मुलीची नोंदणी करणे हे परिषदेचे काम. आपल्या राज्यात ती भोपाळची मध्यप्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिल, आणि अभ्यासक्रमाचे देशभराचे नियम दिल्लीच्या भारतीय नर्सिंग परिषदेचे. या सगळ्यांखेरीज ज्याच्यावाचून काहीच होत नाही ते हॉस्पिटल. म्हणजे एका मुलीचे शिक्षण चार घरांत वाटलेले. आणि आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. हा समजतो तिकडे जेवला, तो समजतो इकडे जेवला. इथे तर घरे चार आहेत.

अशी वाटणी वाईटच असते असे मात्र नाही. पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केले. तिथल्या बायकांना, त्यांत कितीतरी विधवा, नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून हॉस्पिटलात पाठवले जाई. राहण्याची सोय, शिकण्यापूर्वीची तयारी आणि समाजाची बोलणी अंगावर घेणे हे सेवासदनाचे काम. वॉर्डातले शिक्षण ससूनचे. ब्राह्मणाच्या विधवेने परक्या पुरुष रुग्णाची शुश्रूषा करायची, यावर त्या पुण्यात काय काय बोलले गेले असेल याची कल्पना आपण करू शकतो. तरी ती व्यवस्था चालली, कारण कोणी कशाला जबाबदार हे दोन्हीकडे माहीत होते, आणि बाई रोज खरोखरीच्या वॉर्डात खरोखरीच्या रुग्णापाशी उभी राहत होती. विद्यापीठाची पदवी पुढे आली. 1946 साली दिल्लीच्या नर्सिंग कॉलेजने दिल्ली विद्यापीठाशी आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मद्रास विद्यापीठाशी जोडून बी.एस्सी. नर्सिंग सुरू केले. देशातल्या पहिल्या पदव्या त्याच. तेव्हाही पदवी वाटलेली होती, पण वेल्लोरला रुग्णांची वाण नव्हती.

आता आपल्या राज्याकडे येऊ. पूर्वी मध्यप्रदेशात नर्सिंगच्या पदव्या त्या-त्या विभागाची विद्यापीठे देत. मग 2011 च्या कायद्याने जबलपूरला आयुर्विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय, दंत, नर्सिंग, पॅरामेडिकल अशी सगळी कॉलेजे टप्प्याटप्प्याने त्याच्या छत्राखाली गेली. महाराष्ट्राने हाच मार्ग आधी धरला होता. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 चे. एकाच विषयाचे जाणकार एका ठिकाणी, एकच प्रश्नपत्रिका, एकच दर्जा, ही कल्पना कागदावर चांगलीच आहे.

पुढे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे, तरी आकडे पुन्हा सांगतो, कारण गाजावाजा लक्षात राहतो आणि आकडे विसरतात. 2022 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने जबलपूरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तक्रार अशी, की राज्यात कित्येक नर्सिंग कॉलेजे इमारत, हॉस्पिटल आणि शिक्षक यांच्याशिवाय चालू आहेत, आणि एकच शिक्षक एकाच वेळी अनेक कॉलेजांच्या यादीत आहे. न्यायालयाने चौकशी सी.बी.आय.कडे दिली. सी.बी.आय.ने 308 कॉलेजांचा अहवाल दिला : 169 योग्य, 74 मध्ये उणिवा, 65 अयोग्य. म्हणजे पाचांतले एक कॉलेज चालवण्याच्या लायकीचे नाही. इथवर निदान चाळणी लागली असे वाटले. मग मे 2024 मध्ये सी.बी.आय.ने आपल्याच तपास अधिकाऱ्यांना, कॉलेजांना चांगला शेरा देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. न्यायालयाने त्या 169 'योग्य' कॉलेजांचीही तपासणी पुन्हा, न्यायिक अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत आणि व्हिडिओ चित्रण करून करायला सांगितले. तपासणाऱ्यांनाही तपासावे लागले, आणि तेही कॅमेरा लावून.

या सगळ्यात विद्यार्थिनींचे काय झाले? परीक्षा थांबल्या. 2020-21 च्या सत्रातल्या मुली तीन-तीन वर्षे पहिल्याच वर्षात बसून राहिल्या. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तीन वर्षे पहिल्या वर्षाला. आपल्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी त्यांतलीच. तिच्या बरोबरीची बी.कॉम. होऊन नोकरीला लागली आणि ही अजून शरीररचनेच्या पेपरची तारीख विचारत होती. तिच्या वडिलांनी कर्ज काढले होते आणि त्याचे हप्ते मात्र वेळेवर सुरू झाले. विचारायला गेले की कॉलेज म्हणे विद्यापीठाला विचारा, विद्यापीठातून उत्तर येई की प्रकरण न्यायालयात आहे. पाहुणा कुठे उपाशी राहतो, ते इथे दिसते.

यानंतर 2024 मध्ये राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून नर्सिंग आणि पॅरामेडिकलची संलग्नता जबलपूरकडून काढून पुन्हा विभागीय विद्यापीठांकडे सोपवायचे ठरवले. आपल्या भागापुरते बोलायचे तर आपले विक्रम विद्यापीठ. आता त्याचे नाव सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ झाले आहे, पण इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी ते विक्रमच राहणार. अनेकांना हा बदल म्हणजे रोगावर औषध मिळाले असे वाटते. तक्रार घेऊन जबलपूरची गाडी पकडायची त्याऐवजी देवास रोडवर जाता येईल, ही सोय नक्कीच आहे. परीक्षेचा एक गाडा अडला की सबंध राज्य अडते, तेही होणार नाही.

पण आमचे मत वेगळे आहे. घर बदलल्याने स्वयंपाक होत नाही. विक्रम विद्यापीठाची कीर्ती संस्कृतची, प्राच्यविद्येची, विज्ञान शाखांची. नर्सिंगचे अभ्यास मंडळ, नर्सिंगमधल्याच पदव्युत्तर शिक्षकांची परीक्षक म्हणून यादी, वॉर्डात जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा घेण्याची व्यवस्था, हे सारे नव्याने उभे करावे लागते. ते झाले तर जवळचे विद्यापीठ दूरच्यापेक्षा बरे. ते न होता फक्त शिक्का बदलला, तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्यामुळे पालकांनो, कुठल्या विद्यापीठाची पदवी, या प्रश्नावर आपण जितका वेळ घालवतो त्याच्या निम्मा पुरे.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांची मुले कॅनडात आहेत, त्यांना ओंटारिओ प्रांताची गोष्ट ठाऊक असेल. तिथे 2005 पासून रजिस्टर्ड नर्स म्हणून नव्याने नोंदणी हवी तर पदवी सक्तीची झाली. तिथल्या सरकारी कॉलेजांना नर्सिंगची पदवी देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांनी विद्यापीठांशी जोड्या जमवल्या. शिक्षण कॉलेजात किंवा दोन्हीकडे मिळून, पदवी विद्यापीठाची. पंधरा वर्षे असे चालल्यावर 2020 मध्ये प्रांताने कॉलेजांना स्वतंत्रपणे पदवी देण्याची मुभा दिली. म्हणजे तिथेही एकत्र कुटुंबातून वेगळी चूल मांडायची वेळ आलीच. पण आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पदवी कोणाचीही असो, 2015 पासून तिथल्या प्रत्येक मुलीला नोंदणीपूर्वी अमेरिकेत चालते तीच परीक्षा द्यावी लागते, आणि कुठल्या शिक्षणक्रमाच्या किती मुली पहिल्या फेरीत उतरल्या हे तिथली नियामक संस्था जाहीर करत आली आहे. शिकवणारा एक, पदवी देणारा दुसरा, आणि निकाल पाहणारा तिसराच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात तर 2006 पासून तिथले आरोग्य विद्यापीठ आणि अनेक लहान सरकारी कॉलेजे एकच अभ्यासक्रम शिकवतात आणि तो दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकत्र बसून तयार केला. आपल्याकडे विद्यापीठाचे प्राध्यापक आणि कॉलेजची ट्यूटर यांची गाठ परीक्षेच्या दिवशी पडते, तीही चहापुरती.

आपल्याकडेही 2023 मध्ये नवा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला आहे. तो 1947 च्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी आहे आणि त्यात कॉलेजांचे मूल्यमापन आणि मानांकन करणाऱ्या स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. ते मंडळ कामाला लागून आपल्या हातात प्रत्येक कॉलेजची श्रेणी पडेल तो सुदिन. आपली मुलगी मात्र यंदा बारावी झाली आहे.

म्हणून आमचा गट कॉलेज कसे पारखतो ते सांगतो. आम्ही इमारतीपासून सुरुवात करत नाही. खाटांपासून करतो.

परिषदेच्या नियमाने बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला किमान 100 खाटांचे स्वतःचे पालक हॉस्पिटल लागते, त्यातल्या 75 टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, आणि वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत. आता हिशेब मांडा. वर्षाला 60 जागा म्हणजे चार वर्षांच्या मिळून 240 मुली. त्यांतल्या एकाच वर्षाच्या 60 मुली आज वॉर्डात आहेत असे धरले तरी 180 रुग्ण हवेत. आणि पालक हॉस्पिटलात आहेत 75. उरलेल्या मुली कुठे जातात? बहुधा सरकारी दवाखान्यात, तिथे कॉलेजने संलग्नता घेतलेली असते. ठीक आहे, त्यात गैर काही नाही. पण त्याच सरकारी दवाखान्याच्या त्याच खाटा आणखी किती कॉलेजांनी आपल्या हिशेबात धरल्या आहेत? हा प्रश्न माहितीपत्रकात कधीच नसतो. आम्ही एका दवाखान्यात सकाळी साडेनऊला एका म्हाताऱ्या आजींच्या खाटेभोवती तीन वेगवेगळ्या रंगांच्या गणवेशांतल्या अकरा मुली पाहिल्या. रक्तदाब एकीने मोजला, दहाजणींनी तो वहीत लिहून घेतला. आजी म्हणाल्या, "बेटा, पट्टा अब खोल दो, हाथ सुन्न हो गया."

त्या दहाजणींच्या केस बुकमध्ये तो रक्तदाब त्यांनी घेतला अशीच नोंद झाली असणार. नर्सिंगमध्ये प्रत्येक मुलीने ठरलेल्या संख्येने बाळंतपणे पाहायची, हाताळायची, नवजात बाळांची काळजी घ्यायची, आणि सगळे केस बुकमध्ये नोंदवून सही घ्यायची असते. विद्यापीठ ती वही पाहते. वहीच्या पलीकडे काय झाले ते विद्यापीठाला दिसत नाही, मग ते उज्जैनचे असो की जबलपूरचे. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठा आणि तिला सहज विचारा, "तू स्वतः कितीजणींची सुटका पाहिलीस, रात्रपाळी कितीदा केलीस, सलाईन पहिल्यांदा कोणत्या वॉर्डात लावलीस?" खरे शिकलेली मुलगी वॉर्डाचे नाव, सिस्टरचे नाव, घाबरलेला दिवस, सगळे सांगत सुटते. न शिकलेली म्हणते, "सगळं झालंय काकू."

दुसरी गोष्ट शिक्षकांची. नियम दहा विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाचा. यादी प्रत्येक कॉलेजकडे असते. ती मागून घ्या आणि कामाच्या दिवशी, सकाळी वॉर्डाच्या वेळेला, न सांगता जाऊन पाहा. विद्यार्थिनींबरोबर ट्यूटर उभी आहे का? की मुली वॉर्डाच्या सिस्टरांच्या स्वाधीन आणि सिस्टर आपल्या चाळीस रुग्णांच्या मागे? वॉर्डाची सिस्टर पगार रुग्णसेवेचा घेते, शिकवण्याचा नाही. ती शिकवते तो तिचा चांगुलपणा.

सरकारी कॉलेजांविषयी आम्हाला नेहमी विचारतात. आमचे मत स्पष्ट आहे : प्रवेश परीक्षेतून सरकारी कॉलेजची जागा मिळत असेल तर ती सोडू नये. फी परवडते, हे आहेच. त्याहून मोठे कारण हे, की सरकारी हॉस्पिटलला रुग्ण शोधावे लागत नाहीत. पण सरकारी म्हटले की तपासणी माफ, असेही नको. तिथे खाटा भरलेल्या असतात, तर शिक्षकांची पदे रिकामी असू शकतात, आणि मुली शिकण्याऐवजी कमी पडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या जागी राबवल्या जाण्याचा धोका असतो. विद्यार्थिनीकडून काम करून घेणे आणि तिला काम शिकवणे यांत फरक आहे. तो कळायला मुलगी घरी आल्यावर तिला आज काय केलेस एवढेच न विचारता, ते करताना शेजारी कोण होते, हे विचारावे.

उज्जैनला हे सगळे सांगण्याची घाई आम्हाला का वाटते? 2028 चा सिंहस्थ दारात आहे. शहरात वैद्यकीय महाविद्यालय आणि मेडिसिटीचे काम सुरू झाले आहे. खाटा वाढतील, तशी नर्सिंगची कॉलेजेही वाढतील आणि इंदूर रोडला आणखी पाट्या लागतील. गर्दीत एखादी आजी चक्कर येऊन पडली की तिच्यापाशी पहिली पोहोचणारी व्यक्ती बहुतेक वेळा डॉक्टर नसते. ती या पाट्यांखालून बाहेर पडलेली मुलगी असणार आहे. आपली नसेल, शेजारच्यांची असेल.

काही जणांचा आक्षेप असतो, की एवढे प्रश्न विचारले तर कॉलेजवाले चिडतील. चिडू द्या. लग्न ठरवताना आपण मुलाच्या मामाच्या दुकानापर्यंत चौकशी करतो आणि त्यात कोणी चिडले तर पुढे जात नाही. इथे तर चार वर्षे आहेत आणि काही लाख रुपये. चांगल्या कॉलेजच्या प्राचार्य बाई असे प्रश्न ऐकून खूश होतात, हा आमचा अनुभव आहे. एका बाईंनी तर आमच्यातल्या दोघांना स्वतः प्रसूती विभागापर्यंत नेले, ड्यूटीचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले दाखवले आणि म्हणाल्या, "हे विचारायला पालक येतच नाहीत हो."

उद्या संध्याकाळी आरतीनंतर मंडपाच्या डाव्या बाजूला आमचे टेबल असेल. येताना रंगीत माहितीपत्रक आणायची गरज नाही, ती आमच्याकडे ढीगभर आहेत. आणायचे ते चालू वर्षाचे कौन्सिलचे मान्यतापत्र, विद्यापीठाचे संलग्नतेचे पत्र, हॉस्पिटलशी झालेल्या कराराची प्रत आणि मागच्या दोन वर्षांच्या परीक्षा कोणत्या महिन्यात झाल्या त्याची नोंद. कॉलेजने यातले काही द्यायला नकार दिला असेल तर तेवढे एका चिठ्ठीवर लिहून आणा. आणि मुलीला बरोबर आणा. मागच्या वर्षी वडीलच जास्त आले होते.